वाळूची टाकी

"घरात असलेल्या माणसानं सारखं दारात उभं राहावं, असा काही नियम आहे का?" आत्या एकदा मत्स्यालयाच्या व्यवस्थापकांना म्हणाली होती.

ती तिथल्या टाक्या सांभाळायची. रंगीत माशांच्या रांगेत शेवटची टाकी रिकामी वाटे. तळाशी वाळू, वर पाणी, बस्स. त्या वाळूत एक वाम राहायची. उथळ किनाऱ्यालगत बीळ करणारी, बोटाएवढी जाड, सापासारखी लांब मासळी. शेपटीचं टणक टोक खुपसून ती उलटी आत उतरे. जाळ्यात सोलवटलेली ती आत्यानेच बादलीतून आणून बरी केली होती. तिच्या अंगाला खवले नाहीत, चटकन ओरखडे उठतात, म्हणून आत्या वाळू चाळायची, मग बोटांनी चाचपायची. शिंपल्याची कपचीही राहू द्यायची नाही.

"आमचे तांदूळ कधी इतके निवडले नाहीस," आतोबा म्हणायचे. "मीही दिवसभर पांघरुणातच असतो. मला कोण भरवतं?"

"आधी नाक तरी बाहेर काढा."

मी मैत्रिणींना मुद्दाम ती रिकामी टाकी दाखवायला न्यायचे. आमच्या आत्याची, म्हणून सांगायचे.

रिकाम्या टाकीबद्दल लोकांच्या तक्रारी वाढल्या. विश्वस्तांच्या पाहणीत वाम दिसली तर ठेवू, नाहीतर सोनेरी मासे सोडू, असं व्यवस्थापकांनी बजावलं.

"उपाशी ठेव, आपोआप डोकावेल," आतोबांनी सुचवलं.

आत्याने आदल्या संध्याकाळीही चिमट्यात कोळंबी धरून हात पाण्यात घातला. वाळू हलली, कोळंबी गेली. "जेवली," ती मला म्हणाली.

पाहणीच्या दिवशी मीही गेले. विश्वस्त काचेपाशी वाकले. वाळू निवांत होती. व्यवस्थापकांनी आत्याच्या हातात काठी दिली.

"ढोसा जरा."

"झोपलीय ती."

"अहो, टाकी जाईल तुमची."

"जाऊ दे."

काठी भिंतीला टेकवून तिने बादलीत समुद्राचं पाणी घेतलं. दोन्ही हात कोपरापर्यंत वाळूत घातले आणि ओंजळीतून वाम वर आणली, वाळूसकट. तपकिरी अंग बोटांवरून सरकलं. अंगावर एक ओरखडा नव्हता.

"आहे की," मुख्य विश्वस्त खूश होऊन म्हणाले. "राहू द्या टाकी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना अशीच वर काढून दाखवत जा म्हणजे झालं."

आत्याने वाम बादलीत सोडली, वर ओलं फडकं टाकलं. पदराला हात पुसले. मग बादली उचलून, त्यांच्या मधून वाट काढत, समुद्राकडच्या दाराने ती बाहेर पडली.