एका भिंतीचं नातं

मी लंडनच्या विमानात बसायला निघाले, तेव्हा आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. टॅक्सी खाली उभी होती. बॅगेचं वजन तीन वेळा झालं होतं. सगळे विमानतळावर यायला तयार होते, फक्त शेजारच्या परबकाकी दारातून हलल्या नाहीत. त्यांनी माझ्या पर्समध्ये सुकटीच्या चटणीची पुडी कोंबली, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडा नको गो. जेवत रव." एवढंच. टॅक्सी वळेपर्यंत मी मागे बघत होते. काकी गॅलरीत आल्याच नाहीत. पुढे खूप वर्षांनी त्यांनी कबूल केलं, की त्या आमच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसल्या होत्या.

या काकी माझ्या कोण, हे चाळीत कुणी कधी विचारलं नाही. विचारलं ते बाहेरच्यांनी.

मी पाच वर्षांची असताना आई गेली. बाबा महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. सकाळी सहाला निघायचे. माझी वेणी, डबा, तापातल्या घड्या, हे सगळं भिंतीपलीकडून यायचं. काकी मालवणकडच्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती, त्यांच्या घरात गणपती. एप्रिलमधल्या जयंतीची खीर तिकडे जायची, भाद्रपदातले मोदक इकडे यायचे. एकदा काकींच्या गावाहून त्यांची जाऊ आली होती. ती हळूच म्हणाली, यांच्याकडचं खाता तुम्ही? काकी तशाच उठल्या, आमच्याकडे आल्या, बाबांनी केलेली भाकरी टोपल्यातून उचलली आणि जावेच्या समोर बसून मोडून खाल्ली. मी तेव्हा चौथीत होते. भाकरी जरा करपलेली होती, तेही मला आठवतं.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबाही गेले. पुण्यानुमोदनाला साताऱ्याहून चुलते आले. खोली आता कुणाच्या नावावर होणार, एवढं विचारून संध्याकाळच्या एसटीने परत गेले. त्या दिवसापासून मी काकींकडे जेवू लागले.

इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. मी मराठी शाळेतली. संध्याकाळी काकींच्या उंबऱ्यावर बसून मी शब्द घोकायचे आणि काकी सुपात सुकट निवडायच्या. 'क्लोस' म्हणजे जवळचा, असं मी एकदा मोठ्याने म्हटलं, तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. क्लोज म्हणजे बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. परबकाका ज्या गिरणीत होते तिथे एक दिवस ही पाटी लागली आणि मग काका उरलेलं आयुष्य गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिले. आमच्या भागात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. मी समजावलं, की अक्षरं तीच, पण बंद असेल तर शेवटी 'झ'सारखा उच्चार आणि जवळचा असेल तर 'स'. काकींनी सूप परत उचललं. मग म्हणाल्या, इंग्रजांचं काही खरं नाही.

परीक्षेत तोंडी प्रश्न आला की तुमच्या आयुष्यातल्या एका महत्त्वाच्या व्यक्तीबद्दल बोला. मी अर्थात काकींबद्दल बोलले. डिक्शनरीत 'इंटिमेट' म्हणजे 'अतिशय जवळचा, जिव्हाळ्याचा' असं वाचलेलं होतं. तो भारी शब्द आपण वापरायचाच, असं ठरवून मी म्हटलं की शेजारच्या बाई आणि मी गेली अठरा वर्षं इंटिमेट आहोत. समोरच्या बाईंनी पेन थांबवलं, खाली बघितलं आणि फार सभ्यपणे पुढचा प्रश्न विचारला. मी पास झाले. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला लीड्सला नोकरीवर पोचल्यावर, हॉस्टेलमधल्या मल्याळी मैत्रिणीने सांगितला. मी उशीत तोंड खुपसून हसले, आणि काकींना तो किस्सा आजवर सांगितलेला नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघालात त्यांना हे ठाऊक असेल, की परक्या भाषेत आपण व्याकरणावर अडत नाही, माणसांवर अडतो. एका म्हाताऱ्या पेशंटला मी आजोबांशी बोलावं तसं बोलायचे, तर सिनियर नर्सने बाजूला घेऊन सांगितलं की 'टू फॅमिलियर' होऊ नकोस. फॅमिलियर म्हणजे ओळखीचं, घरच्यासारखं, असं मी शिकले होते. इथे तो दोष निघाला. 'नियर' म्हणजे जवळ, पण 'नियर्ली' म्हणजे जवळजवळ, थोडक्यात पोचलाच नाहीत. 'क्लोसली' म्हणजे बारकाईने बघणं. आपल्याकडे एका 'जवळ'वर सगळं भागतं. शिवाय आपण म्हणतो, माझ्याजवळ पुस्तक आहे. जे जवळ आहे ते आपलंच, असं मराठी धरून चालते. इंग्रजीत पुस्तक नियर असलं तरी ते दुसऱ्याचं असू शकतं.

रुजू होण्याच्या दिवशी कार्यालयात फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'नेक्स्ट ऑफ किन'. नेक्स्ट म्हणजे शेजारचा, पुढचा. मी बिनधास्त परबकाकींचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला. नात्याच्या जागी लिहिलं, 'नेक्स्ट डोअर'. टेबलामागच्या बाईंनी ते वाचून मला थांबवलं. किन म्हणजे रक्ताचं माणूस, नेक्स्ट म्हणजे त्यातलं सर्वात पुढचं, असं त्यांनी हळू हळू समजावलं. माझे कान तापले. मग त्या म्हणाल्या, पण इथे कुणाचंही नाव देता येतं, कायद्याची सक्ती नाही, बदलायचं तर बदल. मी पेन हातात घेतलं. चुलत्यांचा नंबर मोबाइलमध्ये होता. कुणी हसू नये म्हणून तो लिहावा, असं क्षणभर वाटलं, हे मी आज कबूल करते. मग मी पेन खाली ठेवलं.

तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी ड्युटीवर असताना पोटात असं दुखलं की मी औषधांच्या ट्रॉलीला धरून खाली बसले. पित्ताशय सडत आलं होतं. तासाभरात ऑपरेशनची तयारी झाली. मला गुंगी दिल्यावर वॉर्डच्या सिस्टरने फॉर्ममधला नंबर लावला. मुंबईत तेव्हा संध्याकाळ होती. पुढे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सिस्टरनेच सांगितलं.

फोन काकींनी उचलला. सिस्टरने माझं नाव घेतलं, ऑपरेशन म्हटलं, आणि नियमाप्रमाणे विचारलं की तुम्ही कुटुंबातल्या का. काकींकडे माझ्या अभ्यासातले उरलेसुरले दहावीस शब्द होते, तेवढ्यातून त्यांनी शोधलं.

"येस," त्या म्हणाल्या. "सेम वॉल."

सिस्टरला कळेना. तिने पुन्हा विचारलं. काकींनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी ठाम, जणू समोरची बाई जरा मंद आहे. मग त्यांनी 'पेन?', म्हणजे दुखतंय का, आणि 'फूड?' असे दोन प्रश्न विचारले, आणि मी इथे फोनपाशीच बसलेय, असं काहीसं सांगितलं. ऑपरेशन संपून सिस्टरने पुन्हा फोन केला तेव्हा पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत तो उचलला गेला.

"सेम वॉल म्हणजे काय?" सिस्टरने मला विचारलं. टाके ओढत होते, तरी मी उशीला टेकून सगळं सांगितलं: दोन खोल्या, मधली भिंत, तिच्यावर थाप मारली की जेवायला यायचं, ताप आला की खोकल्याचा आवाज ऐकून तिकडून काढा यायचा. ती म्हणाली, इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारते, लोक मुलगा सांगतात, बायको सांगतात, पण त्यांच्या आवाजात एवढी खात्री मी ऐकली नाही. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तसा नोकरी लागली तेव्हाही वाटला नव्हता. सहावी नापास बाई, जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत बोलली, आणि अचूक बोलली.

आज मी त्याच वॉर्डची प्रमुख आहे. केरळहून, मनिलाहून नव्या मुली येतात, त्याच रकान्यापाशी थबकतात. मी त्यांना शब्दार्थ सांगत नाही. विचारते, तुझ्यासाठी फोनपाशी कोण बसून राहील, त्याचं नाव लिही.

दरम्यान आमची चाळ पाडली. भिंतही गेली. जागेवर बावीस मजली टॉवर उभा राहिला. लॉटरीत काकींना सतरावा मजला लागला आणि बाबांच्या खोलीच्या बदल्यात मला नववा. मी लीड्सहून फोन केला, म्हटलं कुणाशी तरी अदलाबदल करून घेऊ, तुमच्या शेजारचाच घेऊ. काकींनी साफ नकार दिला.

"नवव्यारच रवांदे," त्या म्हणाल्या. "दोन माळ्यांर आपली माणसा होतली."

दोन मजल्यांवर आपली माणसं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं नाही. वाटलं, वय झालं, धावपळ नको असेल. गेल्या महिन्यात सुट्टी घेऊन घरी आले तेव्हा समजलं. सामान घेऊन नवव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरले. ज्या मजल्यावर मी एक दिवसही राहिले नव्हते, तिथे लांब, गुळगुळीत पॅसेज आणि चार बंद दारं. मी किल्ली शोधत होते, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आतून माझ्याच वयाच्या एक बाई बाहेर आल्या. त्यांना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि विचारलं, "सुजाता ना? परबकाकी रोज सकाळी येऊन तुझ्या खिडक्या उघडतात. मग चहा आमच्याकडे." मी नुसती मान हलवली. काकी चहासोबत या मजल्यावर दोन वर्षं काय वाटत होत्या, ते माझ्या लक्षात यायला लागलं. माझी वेणी, माझा ताप, माझं ऑपरेशन, माझी बढती.

शेजारच्या दारातून एक आजी डोकावल्या. आल्या बघा इंग्लंडच्या बाई, असं त्यांनी आतल्या कुणाला तरी सांगितलं. वर सतराव्या मजल्यावर काकी माझी वाट बघत होत्या, मला तिथे जायचं होतं. पण समोरच्या बाईंनी माझ्या हातातली बॅग घेतली, स्वतःच्या दारात ठेवली आणि म्हणाल्या, "काकींना मी फोन लावते, त्याही खाली येतील. तू हातपाय धू. वरणभात तयार आहे."