घरी वाचून या

मार्च आला की आम्हा मास्तरणींची एक चलाखी ठरलेली. पोर्शन संपलेला नसतो, मोहफुलं पडायला लागली की अर्धा वर्ग सकाळी ती वेचायला जंगलात, आणि वरून माहिती भरा, फोटो पाठवा. मग तीन-चार धडे सरळ उलटायचे आणि पोरांना सांगायचं, ‘हे घरी वाचून या.’ कोणी वाचत नाही, आपल्यालाही ठाऊक असतं. इतकी वर्षं मी हेच केलं. खरं सांगते, आता शरम वाटण्याइतकाही दम उरला नाही.

माझ्या मैत्रिणीने हे कधी केलं नाही. सालेकशाकडच्या एका शाळेत आम्ही बारा वर्षं एकत्र होतो. राहिलेला धडा शिकवायला ती मे महिन्यातही पोरांना घरी बोलवायची. मी चिडायचे, ‘‘तुले कोण मेडल देणार आहे वं?’’ ती हसायची आणि वाचून झालेलं पुस्तक माझ्या पिशवीत कोंबायची. वाचायचं वेड मला तिनेच लावलं.

दोन वर्षांपूर्वी शुगरने तिचे डोळे गेले. तेव्हापासून दर रविवारी मी गोंदियाहून गाडीने तिच्या गावी जाते आणि तिला वाचून दाखवते. आठवडाभर ती याच दोन तासांची वाट पाहते, असं तिची सून दर वेळी सांगते. आधी ऐकून बरं वाटायचं, हल्ली ओझं वाटतं. सहा दिवस घसा फोडायचा आणि सातव्या दिवशी पुन्हा तेच!

गेल्या रविवारी माझे डोळे मिटत होते. कादंबरी जाडजूड, परतीची गाडी साडेचारची. मी हळूच पंधरा-वीस पानं उलटली आणि पुढे वाचू लागले. आवाजात काही जाणवू दिलं नाही. हाताला सवयच आहे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘थांब. यातली सासू कधी मेली वं?’’

‘‘मेली ना मघाशी.’’

‘‘मघाशी तर भात रांधून राहिली होती.’’

मी हसले. ती हसली नाही.

‘‘थकली असशील तर सांग. चहा पिऊ, गोष्टी करू. एखाद्या रविवारी नाही आली तरी चालते,’’ ती म्हणाली. ‘‘पण मले घरी वाचाले सांगू नको वं. मले दिसत नाही.’’

माझा चेहरा कुठे लपवू असं झालं. लपवायची गरज नव्हती, हे लक्षात आलं आणि मला रडूच फुटलं. ती चाचपडत माझा हात शोधायला लागली, तर तिच्या हाताला पुस्तक लागलं.

मी पानं मागे उलटली. सासू चुलीपुढे बसली होती, तिथून पुन्हा सुरू केलं. साडेचारच्या गाडीची शिटी ऐकू आली, तेव्हा सासूला नुकता ताप चढला होता.