सात-वीसचा भागाकार

"माह्या तुरीत खुंट्या कोन ठोकून राहिलं बे!"

शेजारच्या वावरातले चाचा असे गरजले की तिकडे बार्शीटाकळीच्या बाजारात बैलांनी दावी तोडली असतील. खुंट्या माझा धाकटा काका ठोकत होता, दोरी बाबांनी धरली होती आणि अक्कल माझी होती.

त्याचं असं की, दुपारी पातूरहून मुलीचे वडील काकाला पाहायला येणार होते. त्या वर्षांत कपाशीवाल्याला पोरगी द्यायला लोक दहादा विचार करत. यांची अट एकच : मुलाचा वेगळा वाटा डोळ्यांनी पाहीन. आणि आमचे वाटेच पडले नव्हते! तीन भाऊ, सात एकर वीस गुंठे. आम्ही त्याला सात-वीस म्हणतो.

मी अमरावतीला इंजिनिअरिंगला. कागदावर भागाकार करणं म्हणजे माझ्या कॉलेजचा अपमान. कडुलिंबावर चढून नेट पकडलं, गणितं सोडवणारी साइट उघडली, ७.२० भागिले ३ टाकलं. उत्तर आलं २.४. शोभून दिसावं म्हणून पुढचं शून्य मी पदरचं लावलं.

"दोन एकर चाळीस गुंठे!"

"चाळीस गुंठ्यांचा तं एकर होते," मधले काका नाचलेच. "म्हंजे तीन-तीन एकर!"

आनंदात तीन त्रिक नऊ कोणाला आठवतं? थोरल्या दोघांचे वाटे मोजले. धाकट्याचा दीड एकर होतो न होतो तोच आमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, आडवा आला.

"धुराच सरकला असन," बाबा म्हणाले. "नेट खोटं बोलते का?"

आणि आम्ही चाचांच्या तुरीत शिरलो.

"अरे भाई, सात-वीस म्हंजे साडेसात!" चाचांनी कपाळ बडवलं. "तिघाईले अडीच-अडीच. तुह्या मोबाईलले गुंठा कोनं शिकवला, बेटी?"

तेवढ्यात पाहुणे धुऱ्यावर. काका खुंटी उपटायला वाकला. चाचांनी मला डोळा मारला, "राहू द्या खुंट्या. आज माही तूर तुमची."

पाहुणे खुंटीपासून खुंटीपर्यंत फिरले, तुरीची शेंग फोडून दाणे खाल्ले, आणि चहाला बसल्यावर म्हणाले, "पोरगी देली."

काकाने चहा बाजूला सारला. "मामाजी, खोटं नाही बोलत. वाटा अडीचच एकर हाये. तूर चाचाची."

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली.

"धुरा दिसला होता मले."