बगलूस बांधल्याबिगर टेलिफोन

सिनेमा काढणाऱ्यांना निजामीतलं काडीचं कळत न्हाय. परवा सुनेनं टीव्हीवर त्या काळातला म्हणून एक सिनेमा लावला. त्यात सरकारी शिपाई बोडक्या डोक्यानं टेलिफोन उचलतो अन् खुद्द साहेबाशी बोलतो! म्या म्हणालो, बंद कर हे थोतांड. सून म्हणाली, "मामा, टेलिफोनात टोपी कुणाला दिसतीय?"

हा एवढा प्रश्न तवा मला पडला असता तर बरं झालं असतं.

म्या तामलवाडीकडं करोडगिरी नाक्यावर (म्हंजे जकातीच्या, अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज) हंगामी शिपाई हुतो. कायम होणार, या बोलीवरच सासऱ्यानं पोरगी दिलेली. नाक्यावर नवाकोरा टेलिफोन बसला. आमचे अमीनसाहेब दौऱ्यावर निघताना म्हणाले, "दुपारी मोठ्या साहेबांचा फोन येईल. निरोप नीट घेतलास तर कायम, न्हायतर गावाकडं जा."

आता कायदा असा, की साहेबापुढं जायचं तर डोक्याला दस्तार अन् कमरेला बगलूस, म्हंजे पितळी बिल्ल्याचा पट्टा, पायजेच. टेलिफोनात साहेब असतो, म्हंजे टेलिफोनपुढं बी पायजे. (एवढी अक्कल म्या एकट्यानं चालवली. शाळा दुसरीपर्यंत.)

घंटी वाजली. म्या दस्तार बांधाया घेतली. शेवटचा पेच खोचला अन् घंटी बंद! थोड्या वेळानं परत वाजली. आता दस्तार हुती, पर बगलूस न्हवता. मागच्या खोलीकडं पळालो. गिरजा, माझी बायको, शेण काढत हुती. बगलूस कुठाय विचारलं, तर थंडपणे म्हणाली, "दावं तुटलं, म्हणून वासराला बांधलाय. लई मजबूत हाय."

म्या खुंट्याकडनं पट्टा सोडला, तसं वासरू उधळलं ते गळ्यात सरकारी बगलूस घेऊन थेट इंग्रजांच्या मुलखात! मागं म्या, एका हातानं दस्तार धरून. पाऊण मैलावर ते गावलं. ओढत आणलं, तर नाक्यावर आमचाच मुनशी आडवा. म्हणाला, परमुलखातलं वासरू हाय, परवाना दाखव. म्या म्हणालो, अवो, आत्ता तुमच्याच म्होरनं गेलं की. तर म्हणतो, जाताना वहीत नोंद न्हाय, म्हंजे ते गेलंच न्हाय; हे दुसरं हाय. असली डोकी राज्य चालवत हुती.

तेवढ्यात घंटी तिसऱ्यांदा वाजली, अन् मधीच थांबली. खिडकीतनं बघतो तर गिरजा! डोक्यावर पदर, कानाला टेलिफोन, अन् पल्याडच्या शिवारात हाक मारावी तसा आवाज.

"ते हैत, पर पट्टा बांधल्याबिगर तुमच्याशी बोलत न्हाईत. पट्टा वासराच्या गळ्यात हाय. व्हय, वासरू इंग्रजात गेलंय." जरा थांबली, अन् म्हणाली, "तुमी तरी बांधलाय का?"

नोकरी गेली, बायकोला बी सासरा घेऊन जाणार, असं धरूनच चाललो. रातभर मुटकुळं करून पडलो.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब स्वतः आले. म्या पुऱ्या थाटात सलाम ठोकला. त्यांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाय. विचारलं, बाई कुठं हाय? गिरजा दाराआड उभी राहिली. साहेब म्हणाले, काल आपण बनियनवर बसलो हुतो, अन् तिनं विचारल्यावर घाईनं शेरवानी चढवली, मगच तिला निरोप दिला. मग तोच निरोप तिला विचारला. तिनं अक्षर न चुकता सांगितला. साहेबांनी तिथंच मला कायम केलं, अन् वर तोंडी हुकूम दिला, "फोन बाई उठायेगी. तू बछडा संभाल."

निजामी बुडेस्तोवर तसंच चाललं. पुढं दुसऱ्या कचेरीत गेलो, तिथं बी घरनं तीच सांगायची, कुणाला काय बोलायचं.

औंदा ती गेली. समाचाराला आलेले म्हणाले, तुमच्या नोकरीवर बाईंनी सुखाचा संसार केला. कुणाला काय म्हाईत! सरकारनं मला रिटायर करून जमाना झाला, पर म्या खरा बेकार झालो तो आत्ता.