तारेचं दहावं

आधीच सांगते — भूत, करणी, आत्मा, मी यातलं काहीही मानत नाही. नुसतं मानत नाही असं नाही, त्याविरुद्ध पत्रकं काढते. 'कावळा पिंडाला शिवतो, कारण भात खायचाच असतो' हे वाक्य माझं आहे; घाटंजीच्या बाजारात मी ते स्वतः वाटलंय. त्यामुळे पुढचं लिहिताना लाज वाटते... पण लपवणं हा खोटारडेपणा, म्हणून लिहिते.

आमचं गाव घाटंजीपासून अर्ध्या तासावर. घरात मी, आई आणि धाकटी बहीण पल्लवी. नेट येतं ते टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेतून — गावच्या खांबापर्यंत जमिनीखालची केबल, खांबावरून काळी तार आमच्या भिंतीत. केबलच्या जॉइंटला संरक्षण काय? तर किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी! पाऊस आला की जॉइंटमध्ये पाणी, फोनमध्ये खरखर, नेट बंद. यंदा बंद पडलं ते पडलंच. कस्टमर केअरचं रोज एकच — "मॅडम, मोडेम बंद करून चालू करा." केला. फिल्टर बदलला, घरातली वायर बदलली, मोडेम काढून साधा फोन लावून पाहिला. डायल टोनच नाही! म्हणजे दोष बाहेरचा, यांचा. तरी दर दोन दिवसांनी मेसेज — 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

कोणी काढली? कुठे काढली?

मग मी आंदोलन केलं. खांबापासून भिंतीपर्यंतची तार पकडीने स्वतः तोडली, बांबूच्या तिरडीवर ठेवली, हार घातला, पुढे मडकं धरलं आणि टेलिफोन ऑफिसवर अंत्ययात्रा नेली. 'ब्रॉडबँड अमर रहे!' साहेब जेवायला गेले होते, ते आलेच नाहीत. तार तिथेच जाळणार होतो, पण 'प्लास्टिक जाळू नका' हे पत्रकही माझंच... म्हणून परत आणून आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरली.

आईला हे पटलं नाही. "तिरडी बांधली, मडकं फोडलं, माती देली. आता दहावं कोन करीन वं?"

"आई, ती तार होती."

"वीस वर्सं घरात बोलली ते. तुह्या बापाचा शेवटचा फोन तिच्यावरच आलता."



दहावा दिवस नेमका पल्लवीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. नर्सिंगला कोणतं कॉलेज हवं ते वेबसाइटवर भरायचं, संध्याकाळी पाचच्या आत. नाही भरलं तर वर्ष गेलं. आठवडाभर वेबसाइट उघडत नव्हती आणि त्या दिवशी सकाळपासून मोबाइलचा टॉवर बंद. घाटंजीला गेलो, तर कॅफेवाल्याचंही नेट गेलेलं. साडेतीनला हात हलवत परत आलो. अंगणात टेलिफोनचे लाइनमन काकाजी उभे, गुडघ्यापर्यंत चिखल.

"झाला बाप्पा तुमचा जॉइंट! खांबापर्यंत लाइन चालू केली. घराची तार कुठं हाय?"

मी धुऱ्याकडे पाहिलं. पल्लवी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "ताईनं गाडली, काकाजी! भाषण देऊन गाडली!"

"नवी टाका ना," मी म्हटलं.

"नवी भेटत असती तं मी जॉइंटले पिशव्या कायले बांधत राह्यलो असतो?" काकाजी म्हणाले. "मानूस गाडतेत पोरी, तार नाई गाडत. चाल, फावडं घे."

पल्लवी लॅपटॉप उघडून मोडेमसमोर बसली — तार जोडल्यावर एक मिनिटही वाया जायला नको. आईने काय केलं ते नंतर कळलं. तिने कुंपणाच्या भिंतीवर भाताचा गोळा ठेवला, हात जोडले आणि तारेला म्हणाली, "पोरीचा फारम भरून दे माय, मंग सुखानं जाय. तुह्या जॉइंटले रबराची टोपी घेऊन देतो." कावळा तीनदा येऊन फिरला म्हणे. चौथ्यांदा शिवला.

इकडे धुऱ्यावर आम्ही तार उकरून काढली. मी चिखल पुसत तिची गुंडाळी करत होते. तेवढ्यात घराकडून पल्लवी ओरडली, "ताई! लागलं! हिरवा लाइट!"

काकाजींनी माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तारेची दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती.

धावत आलो. मोडेमचे सगळे लाइट हिरवे. पल्लवी रडत फॉर्म भरत होती आणि कोणाला जवळ येऊ देत नव्हती. भिंतीबाहेर तारेचं वीतभर तुटकं टोक हवेत लोंबकळत होतं. खांब वीस पावलांवर, मध्ये काही नाही. काकाजींनी चपला काढल्या.

"काकाजी, चपला काहून काढता? काहीतरी टेक्निकल असेल!"

"कोनतं टेक्निकल ते सांग, लगेच घालतो."

चपला तशाच राहिल्या. चार सदतीसला फॉर्म जमा झाला. पावतीवर वेळ आहे. मग एकेक करून लाइट विझले.

शेजाऱ्याचं वायफाय म्हणाल, तर गावात दुसरं ब्रॉडबँड नाही. मोबाइलचं नेट म्हणाल, तर टॉवर सहानंतर सुरू झाला. मी ऑफिसात जाऊन भांडले. त्यांच्या रेकॉर्डला त्या वेळी आमचं कनेक्शन चालू दिसतं, म्हणून तक्रार निकाली! आयुष्यात पहिल्यांदा यांचा मेसेज खरा निघाला आणि मला तो खोडता आला नाही.

पल्लवी आता यवतमाळला नर्सिंग शिकते. काकाजींनी तीच तार धुऊन पुसून जोडली, आईने शब्द पाळून रबराची टोपी आणली. सगळं पक्कं. तेव्हापासून नेट एक दिवसही चाललेलं नाही. कस्टमर केअर म्हणतं, मोडेम बंद करून चालू करा.

तोडली तर चालते, जोडली तर बंद — याचं स्पष्टीकरण माझ्याकडे अजून नाही. कंपनीकडेही नाही; पण त्यांच्याकडे ते तार धड होती तेव्हाही नव्हतं. कावळ्याचं वाक्य मी पत्रकातून काढलेलं नाही, काढणारही नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या कापसाच्या ऑनलाइन नोंदणीची शेवटची तारीख आहे. काल आईने विचारलं, "ते पकड कुठं ठेवली वं?"

मी तिला स्पष्ट सांगितलं की हा शुद्ध मूर्खपणा आहे. मग पकड कुठे आहे तेही सांगितलं.