लेनच्या बँडची न निघालेली कॅसेट

आमच्याकडे चार माणसं जेवायला आली की मी मनाशी ठरवते, आज बँडचा विषय काढायचा नाही. पण भात वाढेपर्यंत कोणीतरी विचारतंच, "त्या कॅसेटी आहेत का हो अजून?" मग काय, एक किस्सा सांगावा तर त्याला धरून दुसरा येतो आणि वरण गार होऊन जातं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नॉटिंगहॅमजवळच्या एका गावात आम्ही दोघं राहायचो, दोघंही हॉस्पिटलात डॉक्टर. शनिवारी व्हिलेज हॉलमध्ये कंट्री डान्स. बँड लेनचा. तो फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा आणि आठवडाभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याची बायको मोरीन कॉलर होती, म्हणजे माइकसमोर उभी राहून नाचणाऱ्यांना पुढची स्टेप सांगायची. तिने सांगितल्याशिवाय हॉलमध्ये पाय हलत नसे.

*

आमचे हे घरी पेटी वाजवायचे. बँडचा अकॉर्डियनवाला फ्लूने पडला तेव्हा लेन ह्यांनाच घेऊन गेला, तो कायमचाच. उजवा हात पहिल्याच दिवशी बसला. डावा मात्र जन्मभर भाता मारत आलेला, त्याला अकॉर्डियनच्या डाव्या बाजूची बटणं कोण शिकवणार? कित्येक महिने हे एकाच हाताने वाजवत होते.

मी म्हटलं, "अहो, लोक काय म्हणतील?"

लेनने ऐकलं, काय चाललंय ते विचारून घेतलं आणि मला म्हणाला, "दोन हातांनी वाजवणारे मला पुष्कळ भेटले. असा एक हात नव्हता भेटला." त्या दिवशी हे दोन पोळ्या जास्त जेवले.

*

एकदा मात्र ह्यांनी घोळ घातलाच. धून संपली की नाचणाऱ्यांनी जोडीदाराला वाकून नमस्कार करायचा, अशी तिथली पद्धत. ह्यांना चढला रंग, आणि शेवटी घेतली की हो तिहाई, तोच तुकडा तीनदा! फिडल थांबली, ड्रम थांबला, हे एकटेच सुरू. अख्खा हॉल अर्धवट वाकलेला.

मोरीन शांतपणे माइकवर म्हणाली, "डॉक्टरांचं अजून थोडं उरलंय. वाकलाच आहात तर आणखी वाका."

पुढच्या शनिवारपासून लोक ते मुद्दाम मागायला लागले. लेननेसुद्धा ती तिहाई फिडलवर बसवली.

*

रेकॉर्डिंगचं खातं माझ्याकडे. पहिल्यांदा स्टँड नव्हता, म्हणून मी माइक सरळ लाकडी जमिनीवर ठेवला. घरी येऊन ऐकते तर नुसते बूट, आणि मागे कुठेतरी संगीत. मला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

लेनने डोळे मिटून अख्खी बाजू ऐकली. म्हणाला, "एकाचाही पाय चुकला नाही. म्हणजे आपण बरं वाजवलं." ती कॅसेट त्याने माझ्याकडून मागून घेतली.

*

कार्डिफचे जोशी भावजी एकदा आले होते. मोठे हार्ट स्पेशालिस्ट, पण भारी भिडस्त. नाचताना परक्या बाईचा हात कसा धरायचा, म्हणून त्यांनी नुसतं मनगट धरलं.

स्टेजवरून मोरीन, "डॉक्टर, नाडी नंतर बघा. आधी तिला फिरवा."

भावजी कानापर्यंत लाल झाले, पण फिरले. परतताना मला म्हणतात कसे, "वहिनी, ही बाई आमच्या वॉर्डात हवी होती."

*

नव्वदच्या सुमाराला लंडनहून एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. कॅसेटी ऐकून खूश, म्हणाला, आपण ह्या बाजारात आणू. लेन हरखून गेला. मोरीनच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी तिचा आवाज असलेली, तिचं नाव छापलेली कॅसेट लेनला तिच्या हातात द्यायची होती.

कंपनीवाला म्हणाला, "फक्त मधे मधे त्या बाई बोलतात, ते नको. त्यांच्याशिवाय पुन्हा रेकॉर्ड करू."

"मग राहू दे," लेन म्हणाला आणि फिडल आवरायला लागला. मला लेनचा फार अभिमान वाटला.

*

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. काही महिन्यांनी कंपनीवाल्याचा पुन्हा फोन, "आता तर अडचण नाही ना?" माणूस वाईट नव्हता हो, पण बोलायचं कसं ते कळत नव्हतं. लेन फोन आपटणार, एवढ्यात मोरीनने त्याचा हात धरला आणि मान हलवून हो म्हटलं. लेनची कॅसेट निघालेली तिला बघायची होती.

रेकॉर्डिंगच्या शनिवारी हॉल गच्च भरला. कंपनीवाल्याने बजावलं, "प्लीज, कोणी बोलू नका." मोरीन गळ्याला स्कार्फ बांधून नेहमीच्या जागी उभी राहिली. लेनने धून सुरू केली. रांगा उभ्या, पण कोणी हलेना. धून एकदा पूर्ण वाजून झाली, तरी सगळे तिच्याकडे बघत उभेच.

मोरीनने हात वर केला. आणि सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "डावीकडून फिरा!" मग पुढची स्टेप, मग त्याच्या पुढची. तिचाच हेल, तिचाच ठसका. लेन वाजवत होता आणि डोळे पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

कंपनीवाल्याने आधी हातवारे करून पाहिले. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले, मोरीनसमोर येऊन उभा राहिला आणि विचारलं, "मी कुठल्या रांगेत उभा राहू?"

तिने बोटाने दाखवलं.