कमलिनीताईंनी मागून घेतलेल्या फिल्म्स

बरखेड्यातल्या कारखान्याच्या दवाखान्यात कमलिनी बोकारे एक्स-रे काढायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी नागपूर सुटलं, आणि अठ्ठ्याहत्तर साली त्यांना या खोलीत अकरा वर्षं झाली होती. रिपोर्ट लिहिणं डॉक्टरांचं काम. पण फिल्मच धड नसेल तर डॉक्टर वाचणार काय, असं त्या ठणकावून सांगत.

त्या वर्षी नरहर घाटे आले. लेथवरचे कसबी कामगार, पण दोन वर्षांत पार वाळलेले. पोट फुगायचं, जुलाब थांबत नव्हते, लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नव्हतं, पायांना सतत मुंग्या. डॉक्टर बर्लिंग्यांनी बेरियमचं पांढरं औषध पाजून जठराची तपासणी सांगितली होती.

जठर स्वच्छ निघालं. घाटे सदरा चढवू लागले.

"थांबा घाटेभाऊ. औषध पुढे कुठे जातं तेही बघू."

"ताई, दोनची शिफ्ट आहे."

"चिठ्ठी आणते. बसा."

चिठ्ठीबरोबर त्यांनी डॉक्टरांकडून आणखी फिल्म्सची परवानगीही आणली. दर अर्ध्या तासाला एक फिल्म. तिसरीत लहान आतड्याच्या वरच्या वेटोळ्यांना द्राक्षांसारखे गोळे लटकलेले दिसले. त्यांनी घाट्यांना उभं करून पुन्हा फिल्म घेतली. प्रत्येक गोळ्यात खाली औषध, वर हवा. चार तासांनी आतडं रिकामं झालं, गोळे मात्र पांढरेच.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली.

"आतड्याची घडी असेल, कमलिनीबाई."

"घडी असती तर रिकामी झाली असती, सर."

डॉक्टरांनी सगळ्या फिल्म्स ओळीने लावून पुन्हा पाहिल्या. मग घाट्यांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, आत बोलावून म्हणाले, "आतड्याला पिशव्या आल्यात. त्यांत अन्न साचतं, जंतू माजतात आणि बी-बारा जीवनसत्त्व तेच फस्त करतात."

"कापावं लागेल?"

"रक्त जात नाही, आतडं तुंबलेलं नाही. कशाला कापायचं? जंतूंवर गोळ्या, बी-बाराची इंजेक्शनं. पिशव्या राहतील, म्हणून अधूनमधून दाखवायला या."

चार महिन्यांत घाट्यांचं वजन सात किलोंनी वाढलं. डॉक्टरांनी त्या फिल्म्स दवाखान्याच्या बैठकीत लावल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी फक्त जठर मागितलं होतं. पुढचं बाईंनी शोधलं."

मागच्या रांगेत कमलिनीताई ताठ बसल्या होत्या. संध्याकाळी जेवताना त्यांनी ही हकीकत तीनदा सांगितली. त्यांचे यजमान दिलीपराव हसून म्हणाले, "ते घडीचं काय म्हणालीस? परत सांग." त्यांनी चौथ्यांदा सांगितली.